नावाआधीची जागा

सेलूला मी गेलो तो भर दुपारी, आणि तेही इतक्या फुटकळ कामासाठी की सांगायला लाज वाटावी. माझा शाळेतला मित्र परमेश्वर तिथं भांड्यांचं दुकान चालवतो. भांड्यांवर नावं टाकणारं एक यंत्र त्यानं जुळवून घेतलं होतं, आणि ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिलेला. यंत्राला अक्षरं कळत नाहीत. सुई उचल, टेकव, इकडून तिकडं ओढ, एवढंच कळतं. संगणकानं 'हे नाव लिही' म्हटलं की माझा ड्रायव्हर आधी नावाची रुंदी मोजतो, म्हणजे नाव मधोमध यावं, आणि मग एकेका अक्षराच्या रेघा करून देतो.

अक्षरांची वळणं मी लिंबाजींची घेतली होती. चाळीस वर्षं त्यांनी या दुकानात हातानं नावं टाकली आणि गेल्या दिवाळीत ते वारले. त्यांच्या बायकोनं, बायनाबाईंनी, त्यांनी अक्षरं घोटलेला सरावाचा पत्रा मला आपण होऊन दिला होता.

"काही नावं उजवीकडं सरकायलीत," परमेश्वर म्हणाला. "आधी दोन अक्षरांची जागा मोकळी सुटायली. आणि आता नेमकं अर्पिताच्या नावाला!"

अर्पिता त्याची एकुलती एक लेक. लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि लग्नाची सगळी भांडी नावावाचून अडलेली.

मी बसलो. डोक्यावर पंखा नुसताच कुरकुरत होता, पॉलिशच्या वासानं डोकं उठलं होतं. एका टाकाऊ थाळीवर 'अर्पिता' टाकून पाहिलं. सुई मोकळ्या जागेवर आली, धातूला न टेकता तिनं हवेतच काहीतरी गिरवलं आणि मग खाली उतरून नाव किर्र किर्र कोरू लागली. रुंदी पाहिली, तर दोन अक्षरांनी जास्त! प्रोग्राम वरून खाली वाचला, खालून वर वाचला. चूक सापडेल तर शपथ.

दोन तास डोकेफोड केल्यावर मी सरळ दांडगाई केली. पहिल्या नावाची वाढीव रुंदी कापून टाकली. 'अर्पिता' अगदी मधोमध आलं. पण त्याखाली नवऱ्या मुलाचं नाव होतं, हरिओम. आता जागा त्याच्या आधी सुटली.

"एवढे शिकलेले तुमी लोक, आणि तुमाला एक नाव नीट टाकता येईना?" परमेश्वर चिडला.

मीही चिडलो होतो. हरिओमचीही रुंदी कापली आणि आता ही पीडा जाते कुठं ते बघू म्हणून, वैतागून, तिसरं नाव माझंच टाकलं. 'श्रीनिधी'. वरची दोन्ही नावं स्वच्छ आली. जागा माझ्या नावाआधी सुटली.

"राहू दे तिथंच," मी म्हणालो. "सगळ्यात शेवटी एका टाकाऊ तांब्यावर माझं नाव टाक, म्हणजे तुझी भांडी चांगली निघतील."

संध्याकाळपर्यंत सगळी भांडी झाली. तेवढ्यात बायनाबाई आल्या, अर्पिताला साडी द्यायला. टेबलावरचा माझ्या नावाचा तांब्या त्यांनी उचलला आणि त्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला.

"ही जागा कोनी सोडली?"

"यंत्रानं, मावशी. बिघडलंय ते."

"ह्ये तर तेंचं काम हाय..." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "कोन म्हातारं झालं की नावाच्या आधी जागा सोडायचे. मानूस गेल्यावर पोरं त्येच भांडं घिऊन येत्यात ना, 'कै.' टाकायला. ते बसाया पायजे... पन कवा कवा तरन्या मान्साच्या नावालाबी सोडायचे. मी इचारलं की उठून भाईर जायाचे."

मला हसू आलं. मी परमेश्वरकडं पाहिलं, तर तो पांढरा पडला होता.

"राणीसावरगावच्या सूर्यभानमामाचा तांब्या..." तो म्हणाला. "या यंत्राचं पहिलंच काम. अशीच जागा सुटली होती. पंधरा दिवसांनी पोरं तोच तांब्या घेऊन आली. 'कै.' त्या जागेत बरोबर बसलं..."

मी खुर्ची पुढं ओढली. "थांब. ही जागाच काढून टाकतो. पुन्हा एकदा तिन्ही नावं..."

परमेश्वरनं बटण बंद केलं आणि हात त्याच्यावरच ठेवला.

"राहू दे."

"अरे, पण माझं नाव..."

"श्रीनिधी, राहू दे ना... चार दिवसांवर लग्न आहे रे."

त्यानं मान वर केली नाही. तांब्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत घातला. त्याचा मला फार राग आला. पण माझी लेक असती तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

लग्न थाटात झालं. अर्पिता आणि हरिओम सुखात आहेत. यंत्र परमेश्वरनं दुसऱ्याच आठवड्यात भंगारात घातलं, सुईसकट. लिंबाजींचा पत्रा मी बायनाबाईंना परत केला.

तांब्या माझ्या टेबलावर असतो. रोज सकाळी त्या मोकळ्या जागेवरून मी नख फिरवतो. कालपर्यंत ती गुळगुळीत होती.

आज नख अडकलं.