रविवार धरत नाहीत

परभणी स्टेशनात पूर्णेची गाडी लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, गमछा टाकतात, एकदा तर मी एकाला चप्पल टाकताना पाहिलंय. पण पुस्तक? आणि तेही उशीएवढं जाड? मी ते उचलून वरच्या फळीवर ठेवलं आणि खुशाल बसले. दिवसभर ज्युनिअर कॉलेजात पोरांपुढं घसा कोरडा करून आले होते. पुस्तकाला जागा देण्याइतकी उदार मी नव्हते.

"ते माझं आहे," कुणीतरी म्हणालं. उंच, सावळा, कपाळावर घाम... आणि आवाज मात्र मऊ.

"पुस्तक तुमचं. सीट रेल्वेची."

तो हसला. पुस्तक घेतलं आणि मिरखेल येईपर्यंत समोर उभं राहून वाचत राहिला. पान उलटायच्या निमित्तानं मधेच माझ्याकडं बघायचा. मीही बघतच होते, म्हणून तर कळलं.

त्याचं नाव शिमोन. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतलं ख्रिस्ती घर, परभणीत एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. मग रोजच धरायला लागला. हरभऱ्याचे ढाळे सोलत, शेंगा फोडत आमचं भांडण चालायचं, आणि भांडण कशावरून, तर त्याच्या त्या जुन्या रशियन कादंबऱ्यांवरून. त्यातली एक मी वाचायला नेली होती. बर्फ, ताप, दारू, आणि दर चार पानांनी कुणीतरी गुडघे टेकून रडतंय. मी त्याला विचारलं, या लोकांना दुःखाचं एवढं काय कौतुक आहे?

तो म्हणायचा, कौतुक नाही, पण ते दुःखाला पाठ दाखवत नाहीत. ख्रिस्तानंही दाखवली नाही. सोसता सोसता माणसातला अहंकार झडतो आणि त्याला दुसऱ्याचं दुःख दिसायला लागतं. मी बौद्ध घरातली, मी कशाला ऐकून घेते! म्हटलं, आमच्या बुद्धानं सरळ सांगितलंय, दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण काढून टाका. उगाच जपून काय ठेवायचं?

"आणि कारण काढता येत नसंल तर?" त्यानं हळूच विचारलं.

माझा मोठा भाऊ सिद्धोधन मोटारसायकलच्या अपघातात गेला, ते मी त्याला त्या दिवशी सांगितलं. तो गेला तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी समजावून जायचा. शिमोननं काहीच समजावलं नाही. पुस्तकातलं एक वाक्यसुद्धा फेकलं नाही. पूर्णा येईपर्यंत नुसता शेजारी बसून राहिला, आणि उतरताना माझी पिशवी त्यानं घेतली. मला वाटतं, मी तिथंच फसले.

तो काही बोलेल म्हणून मी वाट बघायला लागले. आणि फेब्रुवारीत एका बुधवारपासून साहेबांनी डबाच बदलला. प्लॅटफॉर्मवर दिसायचा. हसायचा, चांगलं गोड हसायचा, आणि पुढच्या डब्यात चढायचा. एकदा मी मागं गेले, तर म्हणाला, "रोहिणी, नंतर..." आणि खिडकीबाहेर बघत बसला. असा राग आला मला! रुसला असता तर समजूत काढली असती. पण हसणाऱ्या माणसाची समजूत काढायची तरी कशी?

इकडं घरी मानवतच्या नागेशचं स्थळ आलं. पोरगा शिक्षक, माणसं चांगली, नाव ठेवायला जागा नाही. रविवारी दुपारी ते बघायला येणार आणि माझा होकार असेल तर तिथंच सुपारी फुटणार, असं ठरलं. आईनं विचारलं, तुझ्या मनात दुसरं कुणी हाय का? काय सांगणार होते मी? जो माझ्याशी बोलतसुद्धा नाही, त्याचं नाव कुठल्या तोंडानं घ्यायचं!

शनिवारी भाजीबाजारात त्याची धाकटी बहीण अर्पिता भेटली. तिला म्हटलं, तुझ्या दादाला माझा एवढा काय वैताग आलाय? ती तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. मग सांगितलं. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस त्यांचा उपवासकाळ असतो. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. मनापासून आवडतं ते सोडायचं आणि त्याचा गाजावाजा करायचा नाही, चेहरा पाडायचा नाही.

"आणि दादानं या वर्षी..." ती म्हणाली, "तुमच्याशी बोलणं सोडलंय."

मी मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी. हसू का रडू! अर्पितानं जाता जाता आणखी सांगितलं, की त्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. रविवार सणाचा, त्या दिवशी सोडलेलं खाल्लं तरी चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चर्चच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिले. आतली भक्ती, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुटली. तो आईबरोबर बाहेर आला आणि मला बघून जागच्या जागी थांबला.

"मला काय मटण समजलास का?" मी विचारलं.

त्याची आई गालातल्या गालात हसत पुढं निघून गेली. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "ज्यात काही दुखत न्हाई, तो त्याग कसला..."

"तुझं तू सोस ना! माझं दुःख मला न विचारता तू का ठरवलंस? लय मोठा आलाय सोसणारा. इतके दिवस मी काय सोसलं, ते दिसलं का तुला?"

तो खाली बघत राहिला. "न्हाई दिसलं," म्हणाला. "एवढं वाचून तेवढंच न्हाई दिसलं. चुकलं माझं."

"रविवारी तरी बोलायचंस. रविवार धरत नाहीत म्हणं."

"एक रविवार बोललो असतो... तर सोमवारी गप बसवलं नसतं मला."

माझा सगळा राग तिथंच विरघळला, पण मी तसं दाखवलं नाही. दुपारी मानवतचे पाहुणे यायलेत, मी होकार देऊ का, एवढंच विचारलं.

"नको," तो म्हणाला. मग माझ्या डोळ्यांत बघून, "माझं प्रेम आहे तुझ्यावर, रोहिणी."

मी म्हटलं, मग हेच आण्णांसमोर बोल. आत्ताच चल.

आण्णा, म्हणजे माझे वडील भगवानराव, ओट्यावर पेपर वाचत होते. शिमोननं अडखळत का होईना, सगळं सांगितलं. आण्णांनी चष्मा काढला.

"आमच्या पोरीनं धर्म बदलायचा का?"

"न्हाई. ती हाय तशीच राहील. मीही."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही. मग त्यांनी फोन उचलला, मानवतला लावला आणि शांतपणे म्हणाले, "राग मानू नका, पण तुमी येऊ नका. आमच्या पोरीचं जमलंय."