नऊ मिलिमीटरची पृथ्वी

"नऊ मिलिमीटरची पृथ्वी आहे का तुमच्याकडे?"

आमचं बेअरिंगचं दुकान. लोक छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या मागतात, मशीनचे पट्टे मागतात. पृथ्वी आजवर कुणी मागितली नव्हती.

"पृथ्वी संपली," मी म्हटलं. "मंगळ देऊ?"

"द्या. पाच मिलिमीटरचा. आणि अडीचचा चंद्र."

मी उठून उभी राहिले. मी उभी राहिले की समोरचा पुरुष एक पाऊल मागे सरतो, हा नेहमीचा अनुभव. गल्लीत मला शिडी म्हणतात, तेही तोंडावर! म्हणून मी चालते तीही पोक काढून. हा गिऱ्हाईक, कुठल्याशा शाळेतला मास्तर, जेमतेम माझ्या खांद्याला लागत होता. त्याने निवांत मान वर केली आणि हसला... मागेबिगे काही सरला नाही.

शाळेच्या प्रदर्शनासाठी तो एक मीटरचा सूर्य करणार होता. त्याच मापात बाकी सगळं. थट्टा पुरे करून मी त्याला नऊ मिलिमीटरचा छर्राही काढून दिला.

"गुरू केवढा?" मी विचारलं.

"दहा सेंटिमीटर."

"आणि सगळ्यात मोठा तारा?"

"एक लाल तारा आहे... तो करायचा तर शाळा पाडावी लागेल. दीड किलोमीटरचा होईल."

"मग पाडा की!"

"मुख्याध्यापिका बाईंना विचारून बघतो," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

मंगळवारी तो परत आला. पृथ्वी हरवली होती. शुक्रवारी पुन्हा हरवली.

"मास्तर, एका आठवड्यात दोन पृथ्व्या?"

"लहान आहे हो... घरंगळते." त्याचे कान लाल झाले होते. माझेही झाले असावेत, कारण गल्ल्यावर बसलेले बाबा खोकले.

प्रदर्शनाला मी गेले. फाटकापाशी पत्र्याचा पिवळाधमक सूर्य, आणि थेट मैदानाच्या पलीकडे, एकशे सात मीटरवर, टेबलावर आमच्या दुकानातला छर्रा. मुख्याध्यापिका बाई चिडल्या होत्या.

"अहो सर, पाहुण्यांना पृथ्वी दिसत नाहीये. निदान फुटबॉलएवढी तरी करा!"

"ती दिसत नाही, हेच दाखवायचंय, बाई. सूर्यासमोर शोभावी म्हणून मी तिला फुगवणार नाही."

बाई तणतणत गेल्या. हा तिथेच उभा, हाताची घडी घालून. आणि मी तिथेच पडले प्रेमात. उगाच आडपडदा कशाला?

"बाबांना भेटायला कधी येतोस?" मी एकदम अरे-तुरेवरच आले.

"मी...? रविवारी... येऊ?"

आत्याने घर डोक्यावर घेतलं. "अगं, जोडा कसा दिसेल? फोटोत त्याला स्टुलावर उभा करणार का? लोक फिदीफिदी हसतील!" वर बाबांना बजावलं, "मुलगा तिच्या कानापर्यंत तरी आला पाहिजे. नाहीतर माझा नकार. आणि तुझाही." बाबा धाकटे. तिच्यापुढे त्यांचं कधी काही चाललेलं नाही.

रविवारी तो आला. मी दार उघडलं आणि काहीतरी खटकलं. त्याचे डोळे नेहमीच्या जागी नव्हते, वर आले होते.

"या, या," बाबा म्हणाले. "बूट तिथेच काढा."

तो हलेना. "नको... मी इथेच बरा आहे."

"उंबऱ्यात?" आत्या पुढे झाली.

मी खाली पाहिलं. जाडजूड टाचांचे नवेकोरे बूट! माझं डोकंच फिरलं.

"किती?" मी विचारलं.

"...अडीच इंच." तो पुटपुटला. "लोक तुला हसतात ना... म्हणून म्हटलं..."

"सूर्यासाठी पृथ्वी फुगवत नाहीस, आणि माझ्यासाठी स्वतःला फुगवून आलास? मी सांगितलं होतं? काढ."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. नाहीतर तसाच परत जा, आणि पुन्हा छर्रे न्यायला येऊ नकोस."

माझा आवाज कापत होता. तो खरंच निघून गेला असता तर काय केलं असतं, कुणास ठाऊक.

तो खाली वाकला. एक बूट काढला, मग दुसरा. आत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"अगंबाई! हा तर खांद्यालाच..."

"खांद्यालाच," मी म्हटलं. "नीट बघून घे, आत्या. मला हाच हवाय, आणि एवढाच हवाय."

"आत्याबाई," तो म्हणाला. त्याचा आवाजही कापत होता, पण मान ताठ होती. "मी आता वाढणार नाही. पण माझ्या शेजारी चालताना हिला कधी वाकायला लावणार नाही. लोक हसले तर सांगा, आमची सूनबाई मोठी आहे."

"सूनबाई तुमची, आमची लेक!" बाबा फटकन म्हणाले. आत्याने डोळे वटारले, तर तिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, तू बस. यावेळी मी बोलतोय. ही इतकी ताठ उभी राहिलेली मी आज पहिल्यांदा बघतोय. माझा होकार आहे."

आत्या मटकन बसली. मी त्याचा हात धरला, आणि ती बघत असतानाही सोडला नाही.