पाच मिनिटं, मावशी

दिवस मावळायला थोडा वेळ होता. जालन्याबाहेरच्या मालधक्क्यावर मॉक ड्रिल होतं. मालगाडीच्या टँकर-वाघिणीतून अमोनिया गळला तर काय करायचं, ते लोकांना दाखवायचं होतं. त्यासाठी मी महिनाभर रेल्वे आणि कलेक्टर कचेरीच्या मागे लागलो होतो. ही रसायनं आपल्या दारावरून जातात आणि पळायचं कुठल्या दिशेला एवढंही आपल्याला ठाऊक नसतं, हे मी कॉलेजात, चौकात, मिळेल तिथं ओरडून सांगत होतो.

वाघिणीत अर्थातच नुसतं पाणी होतं.

धक्क्याशेजारच्या वस्तीतली माणसं 'मृत' म्हणून खडीवर झोपवली, अंगावर पांढऱ्या चादरी टाकल्या.

"मेल्यावर तंबाखू चालती का, साहेब?" भागवतनं चादरीतून विचारलं. सगळी प्रेतं हसली.

टोकाची जागा केशरबाईंची. त्यांनी चादर आधीच डोक्यावरून ओढून घेतलेली दिसली.

सायरन वाजला. खोट्या धुराची नळकांडी फुटली, कलेक्टर कचेरीतून आलेले पाहुणे खुर्च्यांवर सरसावून बसले. आणि टोकाची चादर खोकली.

"भाऊ... वास येऊन राह्यला."

"छान. असंच करत राहा," मी वाकून म्हणालो.

"डोळे जळून राह्यले... उठू द्या मला."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आवडल्या. हे सांगताना अजून मान वर होत नाही. मी हातातला भोंगा तोंडाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पाच मिनिटं, मावशी. पाहुणे बघताहेत."

लोक हसले. चादर एकदा वर आली, खाली गेली... मग हललीच नाही.

ड्रिल संपलं. सगळे चादरी झटकत उठले. टोकाची चादर उठली नाही. मी हाक मारली, शेवटी चादर ओढली. खाली फक्त खडी होती. ओली. तुंबलेल्या मुतारीसारखा उग्र दर्प नाकात झोंबला.

"रागावून गेल्या वाटतं," मी म्हणालो.

भागवत खडीकडे बघत राहिला. "मी बाजूलाच व्हतो, साहेब. कुणी उठलं न्हाई इथून."

तेवढ्यात रूळ ओलांडून केशरबाई धापा टाकत आल्या. "माफ करा भाऊ, नातीला दवाखान्यात नेल्तं. झालं का चालू?"

तिकडून कॅमेरावाला म्हणाला, चित्रण नीट आलं नाही, परत एकदा घ्या. केशरबाई रिकाम्या जागेवर आडव्या झाल्या. तिथंच थांबवायला हवं होतं. पण पाहुण्यांना सांगणार काय? मी भोंगा बंद करून खुर्चीवर ठेवला, इतकंच.

धूर सुटला.

"भाऊ," केशरबाई हळूच म्हणाल्या, "वास येऊन राह्यला हो..."

या वेळी मी धावलो. 'उठा' म्हणायला तोंड उघडलं. त्याआधीच खुर्चीवरच्या बंद भोंग्यातून माझा आवाज आला, अगदी स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"पाच मिनिटं, मावशी. पाहुणे बघताहेत."

लोक हसले. केशरबाईंनी मुकाट्यानं चादर डोक्यावर ओढून घेतली.