वावरात सापडलेलं इष्टलिंग

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. पुढं मध्येच कुणी दात काढलेले मला चालणार नाहीत.

आणि रात्रीबित्रीचं काही नाही. सगळं लख्ख उन्हात झालंय. मागच्या वर्षी चैत्रात, परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या बोरीला. आमच्याच घरात.

मी रुद्रेश. पाथरीला माझं पंप आणि पाइपांचं दुकान आहे. आम्ही लिंगायत. बोरीच्या घरी तेव्हा तिघं राहायचे. बाबा, म्हणजे चन्नप्पा. आज्जी बसम्मा. आणि माझी धाकटी बहीण ऋतुजा.

ऋतुजाचा जीव जीवनवर होता. जीवन आमच्याच गावचा, बन्सीधरकाकांचा मुलगा. मराठ्याचा. गावात दूध संकलन केंद्र चालवतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बाबांनी त्याचं नाव घरात काढू दिलं नाही. घाईघाईनं उदगीरचं स्थळ आणलं. रविवारी पाहुणे बघायला येणार होते.

शुक्रवारी ऋतुजानं गळ्यातलं इष्टलिंग काढलं आणि विहिरीत टाकून आली.

"ह्याच्यापायी जीवन चालत न्हाई ना तुमाला?" ती बाबांना म्हणाली. "मग हे बी नको मला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात हे लिंग लहानपणापासून गळ्यात असतं. माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. बसवून पुरतात, आणि लिंग गळ्यातून काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. ते त्याच्याबरोबर मातीत जातं. दुसऱ्या कुणी ते घालायचं नसतं.

नवीन लिंग घ्यायचं तर ते देणाऱ्या जंगम स्वामींना बोलवावं लागलं असतं. आधीचं कुठंय, हे त्यांनी विचारलंच असतं. मग गावभर बोभाटा झाला असता.

बाबांनी दुसरी वाट काढली.

त्याच आठवड्यात वावरात पाइपलाइनसाठी जेसीबी लावला होता. आमच्या जुन्या समाध्यांपासून लांब, बांधाच्या कडेला, एकटंच कुणीतरी निघालं... बसलेलं.

मानेच्या हाडांना चिकटून चांदीची डबी होती. काळी पडलेली. आत लिंग.

बाबांनी डबी राखेनं घासली, नवा दोरा ओवला आणि रविवारी सकाळी ऋतुजाच्या गळ्यात बांधली. मी पाथरीहून पोचलो तोवर बांधून झाली होती. ती गप्प बसून होती. मला वाटलं, रुसलीय.

पाहुणे आले. पोहे झाले. चहा काही येईना.

आत बांगड्या वाजत होत्या...

मग थांबल्या.

मी आत गेलो. ऋतुजा फरशीवर मांडी घालून बसली होती. पाठ ताठ. डावा तळहात मांडीवर, उघडा. चहा उतू जाऊन गॅस विझला होता आणि तिला त्याचं काहीच नव्हतं.

"ऋतू..."

तिनं तोंड उघडलं. आतून काळी माती पडली. ओली.

"लय अंधार हाय हितं," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता.

तो आवाज ऐकून पाहुणे चपला हातात घेऊन गेले.

त्यानंतर तिची मांडी सुटली नाही. चार जणांनी धरूनही पाय सरळ होईनात. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले, ती त्यांच्याकडं बघून हसत राहिली. गळ्यातल्या डबीला हात लावला की चावायची. माझ्या मनगटावर व्रण अजून आहे.

अंगणात चिमण्या येईनाशा झाल्या. कुत्रं दारापासून लांब बसायचं.

आणि भर दुपारी पत्र्यावर आवाज यायचा... माती टाकल्याचा. एक टोपलं. मग दुसरं.

मी शिडी लावून बघितलं. पत्रा कोरडा होता.

शेवटी बाबांना न विचारता मी जीवनला बोलावलं. त्याला बघून तरी ती शुद्धीवर येईल, एवढीच आशा होती. तो समोर बसला, हळू आवाजात म्हणाला, "ऋतुजा, मी आलोय."

तिनं मान वळवली. डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं.

मग तिनं त्याचा गळा धरला.

"येतो म्हनून आला न्हाईस," ती म्हणाली. "मला खड्ड्यात बसवलं तवा कुठं व्हतास?"

आम्ही तिघांनी मिळून तिची बोटं सोडवली. जीवनच्या गळ्यावर काळेनिळे डाग उठले होते.

तेव्हा आज्जी बोलली. ती फारशी बोलत नाही. भिंतीला टेकून, खाली बघत बोलली.

"रुद्राणी हाय ती. तुज्या आज्याची बहीण, माजी नणंद. निजामाच्या फौजेतल्या एका शिपायावर जीव बसला तिचा. दंगलीत मेली म्हनून सांगितलं गावाला."

"आणि खरं काय?" मी विचारलं.

"डबी कुठं सापडली, बाळा?"

"मानेपाशी."

"मेल्यालं मानूस असलं की लिंग हातावर देत्यात. गळ्यात ऱ्हातंय ते जित्या मानसाच्या. मी धा वरसाची नवी नवरी. ती लय हाका मारायली व्हती. मी भाकरी थापत बसले."

बाबांचा चेहरा उतरला. पण स्वामींना बोलवायचं नाही, यावर ते तेव्हाही ठाम होते. म्हणाले, आपणच लिंग तिच्या हातावर ठेवू, विभूती लावू, माती देऊ. संपलं.

बाबांनी ऋतुजाच्या गळ्यातला दोरा कापला.

"दादा..."

एकदाच ओरडली. तो आवाज ऋतुजाचा होता. मी ओळखला, माझ्याच खांद्यावर बसून मोठी झालीय ती.

मग मान पडली. मांडी सुटली.

आम्ही डबी नेऊन त्या हाडांच्या हातात ठेवली आणि खड्डा बुजवला. घरी आलो तर ऋतुजा उठून बसलेली. भूक लागली म्हणाली. ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, ताटातला कण ठेवला नाही. बाबा रडले. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

उदगीरला ऊन लागल्याचं सांगितलं. त्यांना पटलं. ती लग्नाला लगेच हो म्हणाली. जीवन गळ्याला उपरणं गुंडाळून अंगणात आला, तेव्हा तिनं दारातून त्याच्याकडं बघितलं.

"ह्ये कोन पोरगं?" तिनं मला विचारलं.

नाटक करत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. जीवन आल्या पावली परत गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं आज्जीला जेवायला वाढलं. वाकून म्हणाली, "घ्या वैनी."

आज्जीच्या हातातला घास खाली पडला. त्या दिवसापासून आज्जीनं तिच्या हातचं अन्न घेतलं नाही.

मी तसाच वावरात गेलो. वारा नव्हता. बांधाच्या कडेला, नव्या मातीवर कान ठेवला...

आधी नखांचा आवाज आला.

मग, फार खोलातून... "दादा, मला बाहेर काढ."

मी फावडं घेतलं. दोन-चार घाव घातले असतील, तर मागून बाबांनी फावडं धरलं.

"पत्रिका छापायला गेल्यात," ते म्हणाले.

"बाबा, खाली ऋतू हाय."

"हाय. मला बी आयकू येतंय." त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "पन ही माजं आयकती."

आठवड्यात त्यांनी तिथं सिमेंटचा ओटा बांधून घेतला. काम चालू असताना रंगनाथ गवंड्यानं थापी थांबवली. "मालक, खाली कोन रडायलंय?"

"काम कर," बाबा म्हणाले.

लग्न झालं. उदगीरचे लोक तिचं कौतुक करतात, असली सून मिळत नाही म्हणतात. दिवाळीत ती बोरीला आली. मला ओवाळलं. ताटातल्या दिव्याकडं बघत मी मान खाली घालून बसलो.

मी परभणीला, पाथरीला, नातेवाइकांना सांगून बघितलंय की माझी बहीण त्या ओट्याखाली आहे. सणावाराला ती समोर असतानाही सांगितलं. ते माझ्याकडं बघतात आणि हसून म्हणतात, अरे, ती काय समोर बसलीय.

मग तीही हसते.