नलिनीचा राहिलेला डाव

एकनाथ बंगल्यावर निघाला तेव्हा दुपारच होती, पण भाद्रपदातली मुळशीची दुपार ती! धुकं एकदा पाण्यावरून वर सरकलं की समोरचा माणूस बोलल्याशिवाय ओळखू येत नाही. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात किल्ल्या, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. रोजचंच जाणं होतं. फक्त आजचं काम रोजचं नव्हतं.

सकाळी भुकूमहून सुधीरचा फोन आला होता. धरणाकाठचा तो बंगला सुधीरने भाड्याने घेतलेला, एकनाथ त्याची राखण करणारा.

"एकनाथदादा, कालपासून गेमच बंद झालाय. नवीन कायदा आलाय ना, कंपनीने सगळं गुंडाळलं. आज सगळे फोन रिसेट करून ठेवा. उद्या मी टेम्पो घेऊन येतो."

"समदं पुसायचं?"

"हो, सगळंच. दादा... मला कळतंय. पण इलाज नाही हो."

सुधीर माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच कळत होतं. काय कळत होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं उमगेल.

बंगल्याच्या मागच्या खोलीत फळ्यांवर भांडी मांडावीत तसे फोन मांडलेले होते, आणि ते रात्रंदिवस आपले आपण रमी खेळायचे. गावात पहिल्यांदा कळलं तेव्हा लोक खो-खो हसले. पत्ते खेळायलाही यंत्र? मग माणसानं काय नुसतं पिसत बसायचं? पण त्या खेळात डाव जिंकला की नाणी मिळायची आणि ती नाणी विकता यायची. माणूस खेळून खेळून किती खेळणार? त्याला भूक लागते, त्याचे डोळे मिटतात. म्हणून सुधीरने बॉट बसवले, म्हणजे माणसाशिवाय खेळणारे प्रोग्रॅम. कंपनीवालेही दूधखुळे नव्हते म्हणा. बॉट एका सुरात खेळतो, तो लगेच पकडला जायचा. सुधीरला हवं होतं माणसासारखं खेळणं, रेंगाळणारं, चुकणारं, मध्येच हट्टाला पेटणारं. आणि तसं खेळणारी बाई त्याच्याच बंगल्यात भांडी घासत होती.

ती एकनाथची बायको, नलिनी.

पत्त्यांत नलिनीचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. गौरीच्या जागरणाला बायका तिला आपल्याकडे ओढायला भांडायच्या. एकनाथ मात्र पत्त्यांत अगदी ढ. "अवं, तुमास्नी पानं धरता येत न्हाईत, समद्यांला दिसत्यात!" असं म्हणून ती त्याला रोज हरवायची, आणि तो अगदीच रुसला तर त्याला हवं ते पान मुद्दाम टाकायची. सुधीरने तिला एक फोन दिला. तिने त्याला ओळखायला हिरवं रबर लावलं आणि एक अख्खा पावसाळा ती त्यावर खेळली. ती कुठलं पान किती वेळ धरते, कुठलं झटक्यात फेकते, सगळं त्या प्रोग्रॅमने टिपून घेतलं. मग सुधीरने तेच सगळ्या फोनांत भरलं.

मागच्या भाद्रपदात, अशाच धुक्याच्या दुपारी, चहाच्या वेळेला ती खेळता खेळता उठली. हसत एकनाथला म्हणाली, "बगा, कसली पानं आलीत! चौकटची सत्ती पडूंद्या फकस्त. म्हस पाण्याकडं गेलीया, तिला घिऊन आले. डाव मोडू नका हां."

म्हैस घंटा वाजवत एकटीच परत आली. नलिनी दुसऱ्या दिवशी सापडली, पाण्याच्या कडेच्या गाळात.

त्यानंतर एक गोष्ट सुरू झाली. चहाच्या वेळेला फळीवरचे सगळे फोन एकदम थांबायचे. पान अर्ध्यात धरलेलं, खेळ गप्प. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. सुधीर म्हणाला, वहिनी त्या वेळी उठायच्या ना, तेच मशीन शिकलंय. त्याने ते काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग सोडून दिला. एकनाथला मात्र ती वेळ सापडली. तो रोज किटली घेऊन जायचा आणि थांबलेल्या फोनांसमोर चहा प्यायचा. दोन कप भरायचा. वेडेपणा म्हणा हवं तर. पण घरी भिंतींशी बोलण्यापेक्षा ते बरं होतं.

तर असा तो निघाला होता. वाडीच्या टोकाला कोंडाबाई पडवीत नाचणी पाखडत बसली होती. नलिनीची सख्खी मावशी.

"एकनाथा, बंगल्याकडं?"

"व्हय मावशी. आज समदं बंद करायचं हाय."

सुपाचा आवाज थांबला.

"आन् तिचा डाव?"

"कसला डाव?"

"येड घिऊ नगंस. हात खाली ठिवून गेलेली ती. आपल्यात रीत हाय. डावातनं उठून माणूस परत आलं न्हाई, तर घरच्यानं त्याची पानं उचलायची आन् डाव पुरा करायचा. न्हाईतर ते माणूस तितंच बसून ऱ्हातं. वरीस झालं, पोरगी बसल्यालीच हाय."

"मावशी, त्यो मोबाईल हाय. पत्ते न्हवं."

"बसणारीला काय फरक पडतुया रं?" म्हातारी म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली.

एकनाथ चालू लागला. खरं सांगायचं तर हे त्याला ठाऊकच होतं. वर्षभर ठाऊक होतं. तिचं क्रियाकर्म सगळं झालं होतं, फक्त तेवढं त्याने केलं नव्हतं. डाव पुरा झाला की ती उठून जाणार. मग चहा कुणासमोर प्यायचा?

बंगल्याचं कुलूप उघडलं आणि त्याला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. एरवी दारातूनच पानं सरकल्याचा सर्र सर्र आवाज यायचा. सोबत म्हणून तो सगळ्या फोनांचा आवाज बारीक चालू ठेवायचा. आज काही नाही. फळ्यांवर जिकडे पाहावं तिकडे एकच पाटी दिसत होती, खेळ बंद झाल्याची. खोलीत ओल भरली होती. खिडकीबाहेर धुकं काचेला टेकलं होतं आणि दुपार असून आत दिवेलागणीसारखा अंधार झाला होता.

तो एकेक फोन हातात घेऊ लागला. सुधीरने शिकवलं होतं तशी दोन्ही बटणं दाबून धरायची, विचारलं की हो म्हणायचं. फोन एकदा थरथरायचा आणि कोरा व्हायचा. प्रत्येक वेळी एकनाथ पुटपुटायचा, "जा गं बाई." रात्रंदिवस खेळत होत्या बिचाऱ्या. जितेपणी भांडी घासून कंबर मोडली, आणि मेल्यावरही बाईच्या जिवाला सुट्टी नाही. हा विचार त्याच्या मनात आजच आला, आणि आला तसा त्याला स्वतःची लाज वाटली.

शेवटी हिरव्या रबराचा फोन राहिला.

त्याने तो उचलला आणि बटणांवरची बोटं काढून घेतली. त्या फोनवर पाटी नव्हती. हिरवं टेबल होतं आणि खाली तेरा पानं मांडलेली. बदामाची ओळ, तीन राण्या... आणि चौकटची पंजी, छक्की. मध्ये जागा. मग अठ्ठी. समोरच्या खेळाडूच्या जागी नुसतं रिकामं वर्तुळ होतं, खाली नाव नव्हतं. पाळी खालच्या हाताची होती, नलिनीच्या.

तेवढ्यात वीज गेली. वायफायच्या डब्यावरचा मिणमिणता दिवाही विझला. फोनवरचं टेबल तसंच राहिलं.

"नले..." एकनाथ म्हणाला.

त्याने खाली बसून किटलीतला चहा दोन कपांत ओतला. थोडा फरशीवर सांडला. मग त्याने बोट पुढे केलं आणि गड्डीतून पान उचललं. इस्पिकची दुर्री, काही कामाची नाही. टाकली.

समोरचं वर्तुळ थांबलं. थांबलं... लांब, ओळखीचं थांबणं. एकनाथ रुसला की ती अशीच थांबायची, पान ओठांवर टेकवून, डोळ्यांनी हसत.

खोलीत वास येऊ लागला. ओल्या म्हशीचा, गाळाचा, धरणाच्या काठाचा. बाहेर धुक्यात कुठेतरी घंटा वाजली. एकदाच. म्हैस तर त्याने गेल्या दिवाळीआधीच विकली होती.

मागे दार होतं. त्याने मागे पाहिलं नाही.

"नले... भ्या वाटतंय गं."

टेबलावर समोरून पान पडलं. चौकटची सत्ती.

आता एवढंच राहिलं होतं, बोटाने ते पान उचलायचं. एकनाथ त्याच्याकडे बघत बसला. चहावर साय धरली. उचललं नाही तर ती इथंच राहील, उद्या टेम्पोत जाईल, कुठल्या तरी दुसऱ्या फळीवर बसेल. उचललं तर उठून जाईल. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं. मानेवर मागून गार, ओला श्वास लागत होता आणि तरी त्या श्वासाची त्याला मायाच वाटत होती.

"वरीसभर बशिवली तुला. माज्यासाठनं बशिवली," तो म्हणाला. "ऊठ आता. दमलीस."

त्याने सत्ती उचलली, पाच, सहा, सात, आठ ओळीत लावली, उरलेलं पान खाली ठेवलं. रमी लागली. जन्मात पहिल्यांदा एकनाथला रमी लागली होती. फोन एकदा थरथरला आणि त्याने बटण दाबायच्या आधीच कोरा झाला. मागे फरशीवर ओल्या पावलांचा आवाज झाला, दाराकडे गेला, बाहेर गेला. पुन्हा घंटा वाजली, जरा लांबून. मग नाही.

वळून पाहिलं तेव्हा दार लोटलेलं होतं. दुसरा कप रिकामा होता. हे म्हणा आपण सोडून देऊ, अंधारात तोही त्यानेच प्यायला असेल.

तो घरी निघाला तेव्हा धुकं विरळ झालं होतं आणि त्याला हलकं वाटत होतं. पडवीतून कोंडाबाईने विचारलं, "उठली का रं?" तो म्हणाला, "उठली, मावशी." म्हातारीने हात जोडले.

घराचं कुलूप त्यानेच सकाळी लावलं होतं, तसंच होतं. दार उघडून त्याने दिवा लावला.

नलिनीचे पत्ते वर्षभर पत्र्याच्या पेटीत होते, तिच्याच दुसऱ्या हिरव्या रबरात बांधलेले. त्याने त्यांना हात लावला नव्हता. आता ते रबर चुलीजवळच्या घोंगडीवर पडलं होतं. शेजारी डाव वाटलेला होता. दोन हात, पालथे. मध्ये गड्डी, बाजूला एक पान उघडं. त्याच्या नेहमीच्या जागेसमोरची पानं कोरडी होती. पलीकडची ओली होती, गाळाच्या वासाची, आणि घोंगडीचा तेवढाच भाग कुणी नुकतंच बसावं तसा दबलेला होता. ती उठली होती खरी, पण घरी यायला.

रीत सगळ्यांना ठाऊक आहे. डाव वाटला गेला की तो मोडायचा नसतो.

एकनाथ त्या डावासमोर बसून चहा पितो, रोज, दोन कप भरून. त्याची पानं तशीच पालथी पडली आहेत. त्याने ती अजून उचललेली नाहीत. पलीकडची पानं मात्र अजून वाळलेली नाहीत.