चौतीस नंबरचा जिना

सकाळचा चहा झाला की सायरा तोक्तोबायेवा चष्मा पुसायची, मुलीने दिलेला जुना कॉम्प्युटर सुरू करायची आणि 'बाकावर' जाऊन बसायची.

तेमिर-सू ही डोंगरातली खाणीची वस्ती बंद पडून सत्तावीस वर्षं झाली होती. तिथली माणसं बिश्केकपासून पार जर्मनीपर्यंत पांगली होती. त्यांच्यासाठी सायरा इंटरनेटवर एक पान चालवायची आणि त्यातल्या गप्पांच्या जागेला तिनेच 'बाक' असं नाव दिलं होतं. तेमिर-सूत प्रत्येक इमारतीच्या दाराशी एक बाक असायचा. कोणाकडे भांडण झालं, कोणाची गाय व्याली, हे आधी तिथे कळायचं.

इंटरनेटवरचा बाकही तसाच होता. खाणीत वायरमन असलेला एर्विन आता जर्मनीत कास्सेलला राहायचा आणि रोज गुडघ्यांचं पुराण लावायचा. कझानच्या फिरदौस आपा टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या घालायच्या. बिश्केकमध्ये टॅक्सी चालवणारा एसेनगुल गिऱ्हाइकांचे किस्से सांगायचा. लोणच्याच्या बरणीचं झाकण का फुगतं यावरून एकदा तिथे चार दिवस भांडण चाललं होतं आणि शेवटी त्यात कोणाचं तरी चाळीस वर्षांपूर्वी मोडलेलं लग्न निघालं होतं.

"सायरा, तू यांना आवर नाहीतर मी चालले," असं आपा दर आठवड्याला लिहायच्या. जायच्या कधीच नाहीत.

सायराला या सगळ्याचा वैताग यायचा. जाहिराती उडवा, भांडणं सोडवा, कोणाचा फोटो उलटा दिसतो तो सरळ करून द्या. पेन्शनीत आराम करायचा सोडून हे काय मागे लावून घेतलं, असं ती रोज म्हणायची आणि रोज बसायची.

त्या शरद ऋतूत बाकावर एक नवीन माणूस आला. नाव फक्त 'चौतीस नंबर'.

पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, "पाणी दुपारी तीनला आलं. गढूळ आहे."

दुसऱ्या दिवशी, "दुसऱ्या मजल्यावरचं दार वाऱ्याने आपटतंय. ज्याचं असेल त्याने येऊन बघावं."

लोकांना गंमत वाटली. चौतीस नंबर ही तेमिर-सूमधली चार मजल्यांची इमारत. सायरा, एर्विन, एसेनगुल, आपा, सगळे तिथलेच. एर्विनने लिहिलं, "साहेब, दाराला एक लाकडाची फाक लावा, म्हणजे आपटणार नाही."

उत्तर आलं नाही. उत्तर तो कोणालाच द्यायचा नाही. फक्त तक्रारी. जिन्यात कोणीतरी राख सांडली आहे. बाकाची फळी निघाली आहे. एवढ्या लोकांना सांगतोय, एकही येत नाही. आपण सूनबाईच्या वागण्यावर नाहीतर बटाट्याच्या भावावर रंगात येऊन बोलत असावं आणि मधेच याची ओळ यावी, सगळ्यांच्या तोंडाची चव जायची.

"थट्टा पुरे झाली. कोण आहात ते सांगा," सायराने लिहिलं. मग तिने त्याला पानावरून काढून टाकलं. संध्याकाळी तो परत हजर. तिने तीनदा काढलं, तीनदा आला. सभासदांच्या यादीत तर त्याचं नावच नव्हतं. पाहुणा म्हणून येतो म्हणावं, तर पाहुण्यांना लिहिता येत नव्हतं. जावयाला विचारलं तर तो म्हणाला, "आई, ते पान फार जुनं झालंय, काहीतरी बिघडलं असेल." सायराने फोन आदळला.

मग एका शनिवारी ओळ आली : "जिना धुवायची पाळी. सोमवारपासून फ्लॅट सात."

फ्लॅट सात एर्विनचा. तो भरपूर हसला. "झाडू पाठवून द्या," असं लिहून गेला तो आठवडाभर फिरकलाच नाही. रविवारी त्याने सायराला फोन केला.

"हसणार असशील तर सांगत नाही."

"सांग रे. मला कुठे हसू येतंय आजकाल!"

"रोज सकाळी उठतो तर हात सोललेले असतात. बोटांना ब्लीचिंग पावडरचा वास येतो. माझ्या घरात ती पावडर नाही, सायरा. गुडघे असे काळेनिळे... जसा काही रात्रभर दगडावर रांगत होतो. आणि काल मला आठवलं. पाळीची पाटी दारावर कोण लावायचं, आठवतंय?"

सायराला आठवत होतं. कपितोन लुकिच. चौतीस नंबरचा प्रमुख. छातीवर पेनं, कानात कापसाचा बोळा, आणि जिन्याच्या एकेका पायरीवर नजर. वस्ती रिकामी झाली तेव्हा त्याचा पाय मोडलेला होता. शेवटच्या बसमध्ये त्याला झोपवून न्यायला जागा नव्हती. "पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो, लुकिच," असं प्रत्येक जण म्हणाला होता. प्रत्येकाला वाटलं, दुसरा जाईल. गेलं कोणीच नाही.

एक गोष्ट मात्र एर्विनला ठाऊक नव्हती. सायरा खाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि वस्ती सोडणाऱ्यांत ती शेवटची. शेवटची बस गेल्यावर एक्स्चेंज आवरायला ती मागे राहिली होती, आणि पुढचे आठ दिवस चौतीस नंबरमधून रोज सकाळी घंटी वाजायची. "गाडी कधी?" "उद्या, लुकिच." नवव्या दिवशी तिला ते ऐकवेना. तिने एक्स्चेंजच्या खोक्यातून सगळ्यांच्या आधी त्याची वायर उपटली.

हे तिने बाकावर कधीच लिहिलं नव्हतं.

पुढची पाळी आली फ्लॅट आठची, म्हणजे एसेनगुलची. आठवड्याच्या मध्यावर तो सायराच्या दारात उभा राहिला. पंचेचाळिशीचा धिप्पाड माणूस, पण हात शर्टाच्या बाह्यांत लपवून. "एजे, स्टिअरिंग धरवत नाही," एवढंच म्हणाला; मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला एजे म्हणायचा. तिने त्याच्या हातांना शेळीची चरबी लावून दिली. पाळी माझी का येत नाही, माझा फ्लॅट पाच सोडून सातपासूनच सुरुवात का केली, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो ढकलून दिला.

शनिवारी नवीन ओळ आली. "सोमवारपासून फ्लॅट नऊ."

फ्लॅट नऊ फिरदौस आपांचा. आपांना एकोणऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. वसंतात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, भांडी घासतानाही त्या स्टुलावर बसायच्या. बाकावर त्यांनी नेहमीसारखा ठसका दिला, "येऊ दे मेल्याला, त्यालाच धुऊन काढते." पण मग सायराला वेगळा फोन केला आणि हळू आवाजात विचारलं, "सायरा, खरं सांग... एर्विनला श्वास लागायचा का गं?"

सायराच्या डोक्यात तिडीक गेली. तिने बाकावर सगळ्यांसमोर लिहिलं, "लुकिच, तुम्हीच असाल तर लाज धरा. म्हातारी बाई आहे, मरेल ती."

आणि पहिल्यांदाच त्याने उत्तर दिलं.

"नियम सगळ्यांना सारखा. तिच्या बदली कोणी येणार असेल तर रविवारी यावं. येतो म्हणून सांगू नये. यावं."

रविवारी पहाटे उजाडताच एसेनगुलने गाडी काढली. आपांच्या बदली जायचं म्हणून सायरा त्याच्या शेजारी बसली. तेमिर-सूच्या शेवटच्या वळणावर रस्ता वाहून गेला होता. तिथून ते चालत गेले. आकाश स्वच्छ होतं, ऊन चांगलं पडलं होतं. इमारतींच्या खिडक्या, दारं, छताचे पत्रे सगळं लोकांनी केव्हाच काढून नेलं होतं. मेंढ्यांच्या लेंड्या आणि ओल्या चुन्याचा वास. एसेनगुलने फोन बघितला. रेंज नव्हती. वीज तर सत्तावीस वर्षांपूर्वीच गेली होती.

"इथून तो लिहितो कसा, एजे?"

"तू इथे बाकावर बस. मी हाक मारल्याशिवाय आत येऊ नकोस."

"फळी निघालीय बाकाची," एसेनगुल म्हणाला आणि उभाच राहिला.

जिन्यावर सत्तावीस वर्षांची धूळ होती, पडलेला गिलावा होता, पक्ष्यांची घाण होती. एर्विनने आणि एसेनगुलने सोललेल्या हातांनी काय धुतलं होतं कोण जाणे. सायरा कठडा धरत चौथ्या मजल्यावर पोचली. बाकी सगळ्या घरांच्या जागी नुसती भोकं होती. लुकिचच्या दहा नंबरला मात्र दार होतं. तपकिरी रंगाचं, बंद. दाराबाहेर बादली, तिच्यावर तैलरंगात लिहिलेलं '३४', आणि आडवं फडकं. बादलीत पाणी होतं. तिने बोट घातलं आणि मागे घेतलं.

पाणी कोमट होतं.

पळून जावं असं वाटायला हवं होतं. पण सायराला आला तो राग. दोन महिने डोक्याला ताप, म्हाताऱ्या माणसांचे हाल, आणि आता हे! तिने बाह्या सारल्या, गुडघे टेकले आणि पहिली पायरी खसाखसा घासायला घेतली. बादलीतलं पाणी काही केल्या गढूळ होत नव्हतं आणि संपतही नव्हतं. ब्लीचिंग पावडरच्या वासाने डोळे चुरचुरत होते.

सहावी पायरी झाली तेव्हा दारामागून कोणीतरी खोकलं.

"कोण...?"

तिचा हात थांबला. "सायरा. पाच नंबर."

"पाळी नऊची आहे."

"तिच्या बदली आलेय."

दारामागे पुन्हा खोकला. मग तोच चिरका, कानात बोळा घातलेल्या माणसाचा आवाज, "कोपरा राहिला... उजवीकडचा."

सायराने फडकं बादलीत आपटलं. "लुकिच, पुरे झालं आता! चुकलं आमचं. माझं जास्त चुकलं. वायर मी काढली. तुम्ही काय ते मला म्हणा, पण त्या लोकांना सोडा."

दारामागे काहीतरी फरशीवरून सरकलं. जड काहीतरी, थांबत थांबत.

"आठ दिवस म्हणत होतीस... उद्या."

"हो."

"मी रोज दारापर्यंत यायचो. पुढे जिना... किती घाण होता. पाय असा. हाताने सरकत यायचं, सायरा, तर पायऱ्या स्वच्छ नकोत?"

तिला रडू फुटलं. तिने कोपरा घासला.

"खालपर्यंत कर," आवाज म्हणाला. "मग कोणाला बोलावणार नाही. माझा मी येईन."

तिने खालपर्यंत केलं. चार मजले, एकेक पायरी. दुपार टळून गेली होती तेव्हा ती इमारतीच्या दारात पोचली. एसेनगुल धावत आला आणि तिला उभं करायला त्याला दोन्ही हात लावावे लागले. तिने मागे वळून पाहिलं नाही. वरच्या मजल्यावर कडी निघाल्याचा आवाज दोघांनीही ऐकला, आणि दोघांनीही गाडीच्या दिशेने भराभर पाय उचलले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. आपांचे हात धड होते. "रात्रभर घोरत होते," त्यांनी लिहिलं, "सून म्हणाली, भिंत हलत होती." एर्विनने गुडघ्यांचं पुराण पुन्हा उघडलं. चौतीस नंबर गप्प झाला होता. आठवड्याभरात बाकावर भोपळ्याच्या समोशांवरून नवं भांडण जुंपलं. सायराने ते सोडवलं नाही. चालू दे म्हणाली. किती दिवसांनी तिला तो कलकलाट बरा वाटला होता!

दहाव्या दिवशी ती पाव आणायला उतरली तर तिच्या बिश्केकच्या इमारतीचा तळमजला ओला होता. तळापासून पहिल्या वळणापर्यंतच्या सात पायऱ्या लख्ख. त्यापुढे नेहमीची धूळ आणि सिगारेटची थोटकं.

"सायरा एजे, तुम्ही धुतलंत होय?" खालची शेजारीण कौतुकाने म्हणाली. "आमच्याकडे कोण करतंय हो इतकं!"

"मी नाही," सायरा म्हणाली. तिच्या नाकात ब्लीचिंग पावडरचा वास बसला होता.

दुसऱ्या दिवशी पहिला मजला झाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या वरचं वळण. जिना धुणारा माणूस वरून खाली येतो. हा खालून वर येत होता. सायराने शेजाऱ्यांच्या दारांच्या कड्या वाजवल्या, सगळ्यांना विचारलं, भांडली, एक अख्खी सकाळ कठड्याशी खुर्ची टाकून बसली. कोणी आलं नाही. ती भाजी बघायला आत गेली तेवढ्यात पाच पायऱ्या ओल्या झाल्या होत्या.

एर्विनला तिने फोन केला. "मुलीकडे जाऊन राहा," तो म्हणाला.

"आणि तिकडचा जिना?" सायराने विचारलं.

एकोणिसाव्या दिवशी ओल तिच्या मजल्यावर पोचली, तिच्या उंबऱ्याला लागून थांबली. वरच्या पायऱ्या कोरड्या होत्या. त्या संध्याकाळी तिने दार लावलं, दोन्ही कुलपं घातली, साखळी अडकवली आणि दाराला जड कपाट लावलं.

सकाळी कपाट जागेवर होतं. साखळी अडकवलेली, कुलपं बंद. सायराने सुटकेचा श्वास टाकला आणि चहा ठेवायला निघाली, तेव्हा तिचा पाय कशावर तरी पडला. बाहेरच्या बाजूला असणारं तिचं पायपुसणं आत होतं. झटकून, सरळ करून ठेवलेलं, आणि मधोमध ओलं.