एकेचाळिसावा शब्द

सुन्निवाने दुकानातल्या दुधाच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला, अगदी मागचा ताजा खोका ओढला... आणि पलीकडून कुणीतरी तो धरून ठेवला.

"पुढचा घे," थंड खोलीतून आवाज आला. "त्याला अजून चार दिवस आहेत. तो काय पाप करून आलाय?"

खोक्यांच्या फटीतून दोन करडे डोळे हसत होते. सुन्निवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण सकाळपासून ती नेमक्या ह्याच गोष्टीवर अडकून बसली होती. एका दुकानसाखळीचं इंग्रजी माहितीपुस्तक तिला नॉर्वेजियनमध्ये आणायचं होतं: जुना माल पुढे, नवा मागे, तारीख बघून आधी काय विकायचं... असे चाळीस शब्द, आणि शब्दकोशाने हात टेकलेले.

"असा माल पुढेमागे करण्याला तुम्ही काय म्हणता?" तिने विचारून टाकलं.

"म्हणायचं काय त्यात? करतो," तो बाहेर येत म्हणाला. त्याच्या छातीवर तोरगैर अशी नावाची पट्टी होती. मग मात्र त्याने विचार करून शब्द दिला, कामाची माणसं खरंच वापरतात तो.

ती रोज दोन-तीन शब्द घेऊन येऊ लागली. बाहेर मोल्दे गावाच्या रस्त्यावर पाऊस आणि बर्फ एकमेकांशी भांडत असायचे. तोरगैर थर्मासच्या झाकणात तिला कॉफी द्यायचा. थंडीने लाल झालेली त्याची बोटं ती लिहिता लिहिता चोरून बघायची.

सोमवारी यादी संपली. आता कुठल्या तोंडाने जायचं? कामाशिवाय कुणाशी गप्पा मारत उभं राहणं तिथल्या माणसांच्या रक्तातच नाही. तेव्हा बाईसाहेबांनी एक इंग्रजी शब्द स्वतःच रचला आणि त्याला नॉर्वेजियनमध्ये काय म्हणतात, असं तोरगैरला जाऊन विचारलं.

"विचारून सांगतो," तोरगैर गंभीरपणे म्हणाला.

गुरुवारी तो पडेल चेहऱ्याने उभा होता. "अकरा जणांना फोन केले. गोदामातल्या आस्लाकलाही, त्याने तिथं तीस वर्षं काढलीत. कुणालाच ठाऊक नाही गं. माझ्यामुळे तुझं काम अडलं."

सुन्निवाने हातातली वही मिटली. खरं सांगितलं तर हा पुन्हा तोंडही बघणार नाही. आणि न सांगावं, तर हा भला माणूस बाराव्याला फोन लावणार.

"तोरगैर... असा शब्दच नाहीये. मी घरी बसून बनवला. यादी सोमवारीच संपली."

"मग?"

"मग इथं यायला कारणच उरलं नाही," ती खाली बघत म्हणाली. "आणि मला यायचं होतं. तू आवडतोस मला."

तोरगैरचे कान लाल झाले. सुन्निवाने पिशवी उचलली.

"थांब," तो म्हणाला. "आस्लाक अजून शोधतोय बिचारा." त्याने फोन लावला. "आस्लाक, तो शब्द सोड. हो, कळलं काय ते... नाही, तुला नाही सांगणार. आणि ऐक, रविवारी मी तुझ्याबरोबर डोंगरावर येत नाही. मला दुसरी सोबत आहे."

फोनवर हात ठेवून तो तिच्याकडे वळला.

"आहे ना?"

"आहे," सुन्निवा म्हणाली.